कुत्र्याने बेडूक तोंडात धरला तर?

पावसाळा सुरू झाला की संध्याकाळी अंगणातल्या दिव्याखाली किडे जमतात आणि किड्यांमागोमाग बेडूक येतात. घरचा कुत्रा त्यावर झडप घालतो, लगेच थुंकून टाकतो, डोके झटकतो आणि पाहता पाहता त्याच्या तोंडाला फेस येतो. घरातली माणसे घाबरतात. कोणी म्हणतो साप चावला, कोणी म्हणतो कुत्रा पिसाळला. अशा वेळी गरज असते ती साध्या पाण्याची, आणि तीही लगेच.

सगळेच बेडूक सारखे नसतात. जपायचे ते कोरड्या, खरबरीत आणि चामखिळींसारखे फोड असलेल्या अंगाच्या बेडकाला. इंग्रजीत त्याला टोड म्हणतात. त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. त्या दाबल्या गेल्या की पांढरा चिकट चीक बाहेर येतो. हा चीक तोंडाच्या नाजूक त्वचेतून रक्तात उतरतो आणि जास्त प्रमाणात गेला तर हृदयाची लय बिघडवतो. ऑस्ट्रेलियात १९३५ साली उसावरच्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी हवाई बेटांतून केन टोड आणले गेले. तिथे त्यांच्या विषाने कुत्री दगावतात. आपल्याकडचा टोड त्या मानाने सौम्य असतो. पण लहान पिल्लू किंवा हृदयविकार असलेला कुत्रा असेल, तर बेफिकीर राहू नये.

मग करायचे काय? कुत्र्याचे डोके खाली झुकवा. ओल्या फडक्याने हिरड्या, जीभ आणि टाळू पुसून काढा. फडके पुन्हा पुन्हा धुऊन घ्या. नंतर तोंडाच्या कोपऱ्यातून पाण्याची हलकी धार अशी सोडा, की पाणी बाहेर पडेल, घशात जाणार नाही. हे दहा मिनिटे तरी करा. दूध, तूप किंवा मिठाचे पाणी पाजू नका. उलटी करवू नका. शेवटी स्वतःचे हात साबणाने धुवा, तोवर डोळ्यांना लावू नका.

हे चालू असतानाच पशुवैद्यांना फोन करा. कुत्रा झोकांड्या खाऊ लागला, उलट्या थांबेनात, धाप लागली किंवा झटके आले, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. झटके येत असताना किंवा शुद्ध हरपली असताना तोंडात हात अगर पाणी घालू नये.

एक सावधगिरी मात्र हवीच. कुत्रा अनोळखी असेल, त्याला रेबीजची लस दिलेली नसेल किंवा त्याचे वागणे आधीपासूनच बदललेले असेल, तर फेस बेडकामुळेच आला असे गृहीत धरू नका. त्याच्या तोंडाला हात न लावता पशुवैद्यांना कळवा.

पावसाळ्यात कुत्र्याचे पाण्याचे भांडे रात्री घरात घ्या. बेडूक त्यात येऊन बसतात. अंगणातला दिवा गरजेपुरताच लावा. रात्री कुत्र्याला बाहेर नेताना साखळी आणि बॅटरी बरोबर असू द्या. 'सोड' म्हटल्यावर तोंडातली वस्तू टाकायची सवय त्याला लहानपणीच लावा. बेडकाला मात्र मारू नका. तो आपल्या बागेतले किडे आणि वाळवी खातो. खराट्याने हलकेच कुंपणापलीकडे सारला, तरी पुरे.