पिन जुळली, सिग्नल जुळला का?

मागच्या लेखांकात ग्राफिक्स कार्ड चित्र कसं तयार करतं ते पाहिलं. आज ते चित्र पडद्यापर्यंत कसं पोचतं ते पाहू. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर, उमरगा, कळंबसारख्या तालुक्याच्या गावीही संगणकवर्ग निघाले. त्या काळातला मॉनिटर म्हणजे निळ्या टोकाच्या, पंधरा पिनांच्या व्हीजीए केबलचा. असा मॉनिटर आज सेकंडहँड घेऊन नव्या कार्डाला जोडला आणि पडदा काळाच राहिला, की दोष मॉनिटरच्या माथी बसतो. पुष्कळदा मॉनिटर धडधाकट असतो. त्याला हवा तो सिग्नलच कार्डातून निघत नसतो.

आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीएत लाल, हिरवा आणि निळा रंग तीन वेगळ्या तारांतून, कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजच्या रूपात जातो. शून्य व्होल्ट म्हणजे काळोख, ०.७ व्होल्ट म्हणजे त्या रंगाचा पूर्ण उजेड. ओळ कुठे सुरू करायची आणि पडदा पुन्हा वरून कधी रंगवायचा, हे आणखी दोन तारा सांगतात. कार्डातले आकडे या व्होल्टेजमध्ये बदलणारा भाग पूर्वी कार्डावरच असे. इंटेल आणि एएमडी यांनी डिसेंबर २०१० मध्ये व्हीजीएला टप्प्याटप्प्याने निरोप द्यायचं जाहीर केलं. एनव्हिडियाच्या २०१६ च्या जीटीएक्स १०८० मध्ये तो भाग उरला नाही.

‘पिन बदलली की काम झालं,’ असं दुकानात सांगतात. डीव्हीआय-आय सॉकेटपुरतं ते खरं आहे. त्याच्या चपट्या खाचेभोवतीची चार बारीक छिद्रं अ‍ॅनालॉग सिग्नलसाठीच असतात, म्हणून साधी पिनही चालते. डीव्हीआय-डीला ती छिद्रं नसतात आणि एचडीएमआयमधून फक्त आकडे बाहेर पडतात. तिथे आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो. काही कन्व्हर्टरना यूएसबीतून वेगळी वीजही द्यावी लागते.

एवढं करूनही ‘आउट ऑफ रेंज’ दिसलं, तर वेग तपासावा. १०२४ × ७६८ चं चित्र ६० हर्ट्झवर सेकंदाला सुमारे ४८ हजार ओळी मागतं, ८५ हर्ट्झवर जवळपास ६९ हजार. ज्या मॉनिटरची मर्यादा ५४ किलोहर्ट्झ आहे, तो पहिलं दाखवेल, दुसरं नाही. अशा वेळी दुसऱ्या मॉनिटरवर ६० हर्ट्झ निवडून मग जुना जोडावा.

जुना मॉनिटर वीज खातो, हा आक्षेप काचेच्या नळीच्या, डब्यासारख्या मॉनिटरबाबत रास्त आहे. शिवाय बंद केल्यावरही त्याच्या आत घातक व्होल्टेज उरू शकतं, म्हणून तो घरी उघडू नये. व्हीजीएवर चालणाऱ्या चपट्या एलसीडीला मात्र हे दोन्ही मुद्दे तितके लागू होत नाहीत. म्हणून आधी कार्डाचं सॉकेट पाहावं, मग कन्व्हर्टरची किंमत मॉनिटरच्या भावात मिळवावी. ती बेरीज नव्या मॉनिटरच्या जवळ जात असेल, तर सेकंडहँडचा सौदा सोडून द्यावा.

(पुढील लेखांकात : रिझोल्यूशन आणि अक्षरांची स्पष्टता)