एका सेकंदाला बारा चित्रं

नाताळच्या आदल्या रात्री टॉमच्या पाठलागाला कंटाळून जेरी दारातल्या टपालाच्या फटीतून घराबाहेर निसटतो आणि टॉम ती फट आतून अडवून टाकतो. बाहेर बर्फ पडतो आहे. अंगात ऊब राहावी म्हणून तो एवढासा उंदीर बर्फात येरझाऱ्या घालू लागतो. आत सजवलेलं झाड, खेळणी, शेकोटी आणि पसरलेला बोका. पण त्या बोक्याला काही केल्या चैन पडत नाही. शेवटी तो दार उघडतो, गारठून निपचित पडलेल्या जेरीला उचलून आत आणतो आणि शेकोटीपाशी ऊब देतो.

‘द नाइट बिफोर ख्रिसमस’ हा टॉम आणि जेरी मालिकेतला तिसरा लघुपट. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीनं तो एमजीएमसाठी केला. अमेरिकेत तो 6 डिसेंबर 1941ला प्रदर्शित झाला, ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळालं. मराठवाड्यातल्या आमच्या बिलोलीत तो पोचेपर्यंत पन्नासहून जास्त वर्षं गेली. कार्टून नेटवर्क भारतात 1995 साली सुरू झालं, त्यानंतर गच्चीवरून गच्चीवर केबलच्या वायरी आल्या आणि ज्याच्या घरी जोडणी त्याच्या घरी गल्लीतली सगळी पोरं. त्या घोळक्यात मराठी होती, तेलुगू होती, दखनी होती. लघुपटातलं थोडंसं इंग्रजी निवेदन आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं. पण हसायचो एकाच जागी आणि गप्प व्हायचो तेही एकाच जागी.

बर्फ आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. गोळेवाल्यानं किसलेला आणि लग्नात भुशात गुंडाळून आणलेला, एवढाच बर्फ आम्हाला ठाऊक. आभाळातून पडलेलं पांढरं म्हणजे गारा, आणि गारांची आमच्याकडे धास्ती असते. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली ती इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला आजही आठवते. मग जेरीची थंडी आमच्या अंगापर्यंत आली कशी? यंदाच्या डिसेंबरात भाचरं सुट्टीला आली तेव्हा तो प्रसंग स्वतः काढून हाच प्रश्न मी पेन्सिलीनं सोडवायला घेतला.

सामान सगळं गावातच मिळालं. खिडकीची जुनी काच दोन्ही बाजूंनी विटांवर टेकवली आणि खाली एलईडी बल्ब ठेवला. स्टेशनरीच्या दुकानातून बटर पेपर आणला. कार्यालयात वापरतात त्या पंचनं प्रत्येक कागदाला दोन भोकं पाडली आणि काचेच्या कडेला चिकटवलेल्या लाकडी पट्टीवर त्याच अंतरावर दोन खिळे ठोकले. ही पट्टी दिसायला साधी, पण सगळं काम तिच्यावर उभं असतं. कागद प्रत्येक वेळी त्याच खिळ्यांत बसला नाही तर पडद्यावर आकृती उगाच थरथरते. चित्रं तयार झाली की एकेक कागद त्याच खिळ्यांत अडकवायचा आणि वर पक्का बांधलेल्या मोबाइलनं फोटो घ्यायचा.

चित्रपटाच्या एका सेकंदात 24 फ्रेम असतात. सहसा एक चित्र दोन फ्रेम धरलं जातं, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. आठ मिनिटांचा लघुपट धरला तरी 11,520 फ्रेम होतात. हा आकडा सांगितल्यावर भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, “मामा, एवढी चित्रं एकट्यानंच काढायलेत का?”

एकट्यानं नाही, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर देताना मलाही त्या कामाची रचना नीट उमगत गेली. बार्बेरा गोष्ट चित्रांतून मांडायचा. हॅना वेळ ठरवायचा, म्हणजे कोणती हालचाल किती फ्रेममध्ये व्हावी आणि कुठे थांबावं, हे चित्र काढण्याआधीच कागदावर मांडलेलं असायचं. मग मुख्य चित्रकार हालचालीतल्या महत्त्वाच्या स्थिती काढायचे आणि मदतनीस मधली चित्रं भरायचे. ती सगळी चित्रं ‘सेल’ नावाच्या पारदर्शक पटलांवर शाईनं गिरवली जायची आणि रंग सेलच्या मागच्या बाजूनं भरला जायचा. अमेरिकन स्टुडिओंत हे काम बहुतेक स्त्रिया करायच्या. टेक्निकलर या रंगीत प्रक्रियेसाठी तर प्रत्येक फ्रेमचा फोटो तीनदा घ्यावा लागे, लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून एकेकदा. स्कॉट ब्रॅडलीचं संगीत पावलापावलाला जुळायचं, तेही या आधी ठरलेल्या मोजमापामुळे.

आम्ही जेरीच्या येरझाऱ्यांपासून सुरुवात केली. चालण्याचं एक गणित आहे. एका पावलाला 12 फ्रेम दिल्या की सेकंदाला दोन पावलं पडतात, ती कवायतीची चाल. 16 दिल्या की माणूस रमतगमत चालतो. 20-24वर गेलात की तोच माणूस थकलेला दिसतो. रेषा तीच, आकृती तीच, फक्त मधल्या चित्रांची संख्या वाढली. भाचीनं उंदराची चाल आधी 12वर काढली. पडद्यावर तो ऐटीत संचलन करत होता. मग तिनं पुढची पावलं 16वर नेली, त्यापुढची 20वर, आणि मान प्रत्येक पावलाला थोडी खाली आणली. आता त्याच्याकडे बघवेना. धाकटा भाचा पटकन म्हणाला, “थंडी वाजायलीय त्याला.” बर्फ आम्ही अजून काढलाच नव्हता. कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ होती, तेवढीच.

माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. लहानपणी आम्हाला थंडी कळली ती पांढऱ्या रंगातून नव्हे, पावलांच्या वेळातून कळली होती.

मग बर्फात रुतणारं पाऊल. टाच रेघेच्या खाली जायला हवी, आणि उचलताना गुडघा नेहमीपेक्षा वर, नाहीतर पाय सुटल्यासारखा वाटत नाही. पाऊल टेकल्यावर लगेच शरीर सर्वांत खाली येतं आणि दुसरा पाय ओलांडताना सर्वांत वर जातं. हे वर-खाली चुकलं की उंदीर तरंगतो. भाचा अंगणात पाय वर उचलत चालून दाखवायचा, भाची बघून काढायची. कुडकुडणं त्याहून अवघड. दोन फ्रेमना एक चित्र धरलं की ती थरथर ढोबळ होते, म्हणून प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र लागतं. एका सेकंदाच्या कुडकुडण्यासाठी 24 कागद, आणि दोन शेजारच्या चित्रांत फरक केसाएवढा.

टॉमची चलबिचल मी माझ्याकडे ठेवली होती. तो भाग लॅपटॉपवर एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. टॉम आणि जेरीचं हे जगच धावतं असतं. भांडी फुटतात, शेपट्या दारात सापडतात, आणि बघणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत नसते. त्या धावपळीत हॅनानं बोक्याला थांबवलं. पूर्ण थांबवता येत नाही ही यातली मेख. एकच चित्र बराच वेळ धरून ठेवलं की पात्र मेल्यासारखं दिसतं. म्हणून थांबलेल्या पात्रातही काहीतरी हलतं ठेवावं लागतं, पापणी, कान किंवा श्वासानं वर-खाली होणारं पोट. मी तसा एक बसलेला बोका काढत होतो. हालचाल जवळजवळ शून्य, तरी कागद संपता संपत नव्हते. “हे कामून थांबलंय?” भाच्यानं पडद्याकडे बोट करून विचारलं. उत्तर भाचीनं दिलं, “इच्यार करायलंय ते.”

विचार करणारं चित्र. मला वाटतं, हा लघुपट सगळ्या मालिकेत वेगळा उभा राहतो तो या जागेमुळे. पाठलाग रंगवणारे पुष्कळ झाले. पाठलाग करणाऱ्याच्या मनात पालट होताना दाखवायला मात्र वेळेवर पकड लागते, आणि ती हॅनाकडे होती. पुढे 1957 साली एमजीएमनं कार्टून विभाग बंद केला आणि ही जोडी टीव्हीकडे वळली. तिथे पैसा कमी, मुदत कमी. मग चित्रं कमी झाली, अंग स्थिर ठेवून फक्त तोंड हलू लागलं. तेही थांबणंच आहे, पण काटकसरीचं. 1941च्या टॉमचं थांबणं त्यांनी मुद्दाम निवडलं होतं, चित्रांची उधळण करून.

काटकसरीतूनही मोठं काम होतं, हे आपल्याकडे पाहायला मिळतं. 1956च्या सुमारास मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात क्लेअर वीक्स शिकवायला आले. डिस्नेमध्ये काम केलेला हा माणूस, आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत त्यांच्या हाताखाली तयार झाले. पुढे 1974 साली विजया मुळे यांनी ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट केला, ॲनिमेशन भीमसेन यांचं. दूरदर्शनवर तो आम्ही कितीतरी वेळा पाहिला असेल. तो मी भाचरांनाही दाखवला. रेषा साधी, आणि हलवायचं तेवढंच हलवलेलं. भाचीला आता हे दिसतं. ती बघता बघता बोटांवर मोजते.

आमचं काम अर्ध्यावर आहे. शेवटचा सापळ्याचा प्रसंग अजून काढायचाय. टॉमनं जेरीच्या बिळापाशी लावलेला सापळा खटकन मिटत नाही, त्यातून ‘जिंगल बेल्स’चे सूर वाजतात, ती त्यानं दिलेली भेट असते. खराखुरा सापळा मिटायला दोन फ्रेम पुरतात. हा आम्ही सुराबरोबर मिटवणार आहोत, म्हणून आधी सूर मोजायला हवेत. भाचीनं चौकटीच्या वहीत दर ठोक्याला 12 फ्रेम अशी आखणी केली आहे आणि प्रत्येक ठोक्याला सापळ्याचा दांडा किती खाली यावा, ते ती पेन्सिलीनं लिहीत चालली आहे. बटर पेपर संपत आलाय, नवा गठ्ठा आणायला भाचा माझ्याबरोबर दुकानात येणार आहे.