पडद्यामागचं कोल्हापूर (भाग ५) : कंपनीतला पोर, कंपनीचा मालक

नाटक कंपनीत पोर घालणं ही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोल्हापुरात नवलाची गोष्ट नव्हती. गळा गोड, चेहरा नाजूक आणि घरची परिस्थिती बेताची, एवढं जुळलं की पोरगा लुगडं नेसून रंगभूमीवर उभा राही. आवाज फुटला की बहुतेकांचा खेळ संपे. केशवराव भोसल्यांचा संपला नाही. लहानपणीच ‘शारदा’ गाजवलेल्या या कोल्हापूरकराने १९०८ साली ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची कंपनी काढली. पोरनटाने पुढे मालक व्हायचं, ही वाट गावाला अशी आधीच ठाऊक होती.

शांताराम राजाराम वणकुद्रे त्याच वाटेला लागले, फक्त मधेच सिनेमाकडे वळले.

१९०१ साली कोल्हापुरात जन्मलेले शांताराम पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत होते. पण खुद्द बालगंधर्व समोर असताना लहानसहान काम करणाऱ्या पोराकडे कोण बघणार? तो मुक्काम थोडक्यात आटोपला. पुढे हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी आणि तिथल्याच एका पत्र्याच्या थिएटरात पडेल ते काम. बालनट म्हणून त्यांची कामगिरी डोळ्यांत भरण्याजोगी नव्हतीच, हे सरळ मान्य करायला हवं.

खरी शाळा भरली ती १९२० मध्ये. मावसभाऊ बाबूराव पेंढारकरांच्या ओळखीने शांताराम बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. तिथे नट म्हणून वेगळी जात नव्हती. कॅमेऱ्यापुढे उभं राहणाऱ्यानेच सामान उचलायचं, सेट रंगवायचे, फिल्म धुण्या-जोडण्याला हात लावायचा. ‘सुरेखा हरण’मध्ये ते कृष्ण झाले, ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावलेला तरुण शेतकरी. १९२७ च्या ‘नेताजी पालकर’चं दिग्दर्शनही त्यांच्याकडे आलं. चित्रपट कुठे रखडतो आणि पैसा कुठे मुरतो, हे त्या नऊ वर्षांत त्यांनी जवळून पाहिलं. निर्माता घडला तो इथे.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ‘प्रभात’ उभी राहिली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम हे चौघे पेंटरांच्याच तालमीतले. भांडवल सीताराम कुलकर्णींचं. या भागीदारीचं बळ कामाच्या वाटणीत होतं. दामल्यांकडे पुढे ध्वनी आला, फत्तेलालांकडे कलादिग्दर्शन, धायबरांकडे कॅमेरा, शांतारामांकडे दिग्दर्शन. बाहेरून महागडा माणूस आणायची गरजच फारशी नव्हती. बोलपट आल्यावर १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीतही केला. सेट तेच, पोशाख तेच, बाजारपेठा मात्र दोन.

त्यात हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे. गंधर्व मंडळीच्या संस्थापकांपैकी एक! कंपनीतल्या त्या पोराच्या दिग्दर्शनाखाली आता मालक काम करत होते. ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि १९३५ च्या ‘धर्मात्मा’त तर साक्षात बालगंधर्व एकनाथ झाले. मूळ नाव होतं ‘महात्मा’, ते सेन्सॉरमुळे बदलावं लागलं. मात्र बालगंधर्वांचं मन कॅमेऱ्यात रमलं नाही. त्यांची ‘प्रभात’शी जोडी त्या एका चित्रपटापुरतीच राहिली. नटाच्या जिवावर चालणारी कंपनी आणि वाटून घेतलेल्या कामावर चालणारा स्टुडिओ यांतला फरक इथे नेमका दिसतो.

१९४२ मध्ये ‘प्रभात’ सोडून शांतारामांनी मुंबईत परळला राजकमल कलामंदिर काढलं. राजाराम आणि कमल या आईवडिलांच्या नावांवरून ते नाव. भागीदार आता नव्हते, शब्द एकट्याचा. त्या एकहाती कारभारातूनच ‘दो आंखें बारह हाथ’ (१९५७) आला, ज्याचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक तेच होते. पुढे काही चित्रपट भपक्याकडे झुकले, त्यालाही रोखणारं कुणी उरलं नव्हतं. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १९९० मध्ये ते गेले.

पुढच्या आठवड्यात : कोल्हापूरचे भालजी पेंढारकर आणि त्यांचा जयप्रभा स्टुडिओ.