व्याख्यानाची चित्रफीत आणि इतिहासाचा तास

इंटरनेटवरील व्याख्यानांच्या छोट्या चित्रफिती इतिहासाच्या वर्गात दाखवण्याची पद्धत आता रुळू लागली आहे. हा प्रकार जगभर लोकप्रिय करण्यात 'टेड' या अमेरिकी संस्थेचा मोठा वाटा असून, १९८४ साली परिषदेच्या रूपाने सुरू झालेल्या या उपक्रमाने २००६ पासून आपली व्याख्याने इंटरनेटवर विनामूल्य खुली केली आणि २०१२ मध्ये 'टेड-एड' ही शिक्षणासाठीची शाखा काढली. व्याख्यान साधारण १८ मिनिटांत संपावे असा संकेत असल्याने ते एका तासिकेत दाखवून चर्चेलाही वेळ उरतो. परंतु विषय इतका आटोपशीर करताना पुराव्यातील संदिग्धता आणि अभ्यासकांचे मतभेद प्रथम गळून पडतात. म्हणूनच अशा चित्रफितीकडे तयार धडा म्हणून न पाहता तपासून घेण्याजोगे प्रतिपादन म्हणून पाहणे अधिक फलदायी ठरते.

ब्रिटिश म्युझियमचे तत्कालीन संचालक नील मॅक्ग्रेगर यांचे २०११ मधील व्याख्यान या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याचा विषय असलेला 'सायरस सिलिंडर' हा भाजलेल्या मातीचा, पिंपाच्या आकाराचा, सुमारे २२ सेंटिमीटर लांबीचा लेख १८७९ साली बॅबिलोनच्या अवशेषांत सापडला. इराणी सम्राट सायरस याने इ.स.पू. ५३९ मध्ये बॅबिलोन जिंकल्यानंतर तो अक्कादी भाषेत व कीलाकार लिपीत, म्हणजे ओल्या मातीत लेखणीचे टोक दाबून उमटवलेल्या पाचरीसारख्या खुणांच्या लिपीत, लिहिला गेला. मॅक्ग्रेगर त्याचा संबंध बॅबिलोनमधील ज्यूंच्या मायदेशी परतण्याशी जोडतात आणि पुढे विसाव्या शतकातील राजकारणापर्यंत त्याचा माग काढतात.

येथेच वर्गातील खरे काम सुरू होते. चित्रफितीनंतर सिलिंडरवरील मजकुराचा अनुवाद विद्यार्थ्यांच्या हाती दिला, की त्यात ज्यूंचा किंवा जेरुसलेमचा नामोल्लेख नाही, हे त्यांच्याच लक्षात येते. मर्दुक या बॅबिलोनच्या देवाने सायरसची निवड केली, त्याने नगरात शांततेने प्रवेश केला आणि मेसोपोटेमियातील देवमूर्ती व लोक आपापल्या स्थानी परत पाठवले, असे लेख सांगतो. ज्यूंना परतण्याची परवानगी मिळाल्याचे वर्णन मात्र बायबलच्या जुन्या करारात येते. या दोन साधनांची सांगड वक्त्याने घातली आहे, आणि ती कितपत ग्राह्य आहे याची शहानिशा करणे, यालाच इतिहासात साधनचिकित्सा म्हणतात. लेख कोणी, कोणासाठी व कोणत्या हेतूने लिहवून घेतला, हे प्रश्न विचारले की विजेत्या राजाची आत्मप्रशस्तीही उघड होते.

त्यानंतर उत्तरकालीन अर्थांकडे वळता येते. इराणच्या शहाने १९७१ मध्ये राजसत्तेच्या २५०० वर्षांच्या सोहळ्यात या सिलिंडरला राष्ट्रीय प्रतीक बनवले आणि त्याला मानवी हक्कांची पहिली सनद म्हणण्याचा प्रघात रूढ झाला. मेसोपोटेमियात नव्या राजांनी असे लेख इमारतींच्या पायात पुरण्याची परंपरा जुनीच असल्याने अनेक अभ्यासकांना ते बिरुद कालविसंगत वाटते. हाच सिलिंडर २०१३ च्या अखेरीस मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शित झाला होता. प्राचीन इराणशी धार्मिक नाते सांगणाऱ्या पारशी समाजाच्या या शहरात त्याला आणखी एक अर्थ लाभतो.

अशा तासासाठी शिक्षकाला चित्रफीत आधी पाहून तिच्यातील मुख्य विधाने वेगळी काढावी लागतात आणि त्यांच्या पडताळणीसाठी मूळ साधन शोधावे लागते. हे मूळ साधन मिळत नसेल, तर ती चित्रफीत कितीही रंजक असली तरी तिच्यासाठी तासिका खर्च करण्यात फारसे हशील नाही.