अकबर बादशहाचा सोफियाना आहार

राज्यकर्त्याच्या खाण्यापिण्याची चौकशी इतिहासाच्या गांभीर्यास शोभत नाहीं, असें कित्येकांस वाटतें. आमचें मत तसें नाहीं. मुदपाकखान्याचे कागद रद्दी म्हणून बाजूस टाकणाऱ्या संग्राहकांनीं पुढील उदाहरण अवश्य पाहावें.

अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्याची हकीकत तपशिलानें दिली आहे. बादशहा अहोरात्रांत एकदांच जेवी आणि पोट पुरतें भरण्यापूर्वींच हात आखडी. जेवणाची वेळ ठरलेली नसे. सबब हुकूम होतांच तासाभरांत शंभर ताटें मांडतां यावीं अशी तयारी ठेवावी लागे. पिण्यास गंगोदकच. स्वारी आग्र्यास किंवा फत्तेपुरास असतां तें सोरोंहून येई, पंजाबांत असतां हरद्वाराहून. घागरींवर मोहरा केलेल्या असत. खिचडीचें प्रमाण तर वाचण्यासारखें आहे. तांदूळ, डाळ व तूप प्रत्येकीं ५ शेर, मीठ एकतृतीयांश शेर. त्यांत ७ ताटें होत. अकबरी शेर ३० दामांचा, म्हणजे पुढील ८० तोळ्यांच्या शेराहून बराच लहान, हें ध्यानांत धरलें तरी तांदळाइतकें तूप म्हणजे थोडें नव्हे!

अबुल फजल स्तुतिपाठक खरा. परंतु त्याच्या या भागास परकी साक्ष मिळते. गोव्याहून गेलेला जेसुइट पाद्री मॉन्सेराट १५८० पासून दरबारीं होता. चाळिसांहून अधिक पदार्थ कापडांत बांधून, विषाच्या भीतीनें मोहरा करून आणीत, असें तो लिहितो. त्याच्या लॅटिन ग्रंथाचें हस्तलिखित १९०६ सालीं कलकत्त्यास एका चर्चच्या ग्रंथालयांत सांपडलें.

खरा वादाचा प्रश्न मांसत्यागाचा. मांसरहित पदार्थांस ‘सोफियाना’ अशी संज्ञा असे. प्रथम शुक्रवार, मग रविवार, पुढें दर सौर मासाचा पहिला दिवस, ग्रहणें, रजबचे सोमवार, सबंध फर्वर्दीन व जन्ममास आबान, असे हे दिवस वाढत गेले. आबानांत वयाच्या वर्षांइतके दिवस पाळावयाचे ठरल्यामुळें महिना पुरेना. म्हणून पुढचा आझरही त्यांत घेतला. जहांगीर मात्र आपल्या आत्मवृत्तांत म्हणतो कीं, वडील वर्षांतून तीनच महिने मांस खात व नऊ महिने सोफियाना आहार घेत. आम्हीं आईनांतील दिवसांची बेरीज केली, ती साडेपांच महिन्यांच्या आंतबाहेर येते. दरसाल किमान पांच दिवसांची भर पडत असे, असें अबुल फजलच सांगतो. त्याचा ग्रंथ सुमारें १५९८ पर्यंतचा व बादशहाचा मृत्यु १६०५ चा. तेव्हां अखेरीस हा काळ साडेसहा महिन्यांवर गेला असावा. नऊ महिने हा पुत्राचा ढोबळ आकडा दिसतो. पण दोघांचा रोख एकच आहे. बदायुनी तर विरोधी पक्षाचा. त्यानेंही १५८३ च्या सुमाराची पशुवधबंदी नाखुषीनें कां होईना, नोंदविली आहे.

या त्यागाचें सर्व श्रेय हीरविजय सूरींच्या उपदेशास देण्याची प्रवृत्ति आहे. सूरि फत्तेपुरास पोंचले १५८३ त. भेऱ्याजवळची मोठी शिकार बादशहानें एकाएकीं थांबविली ती १५७८ त. उपदेशानें बळकटी आली हें निःसंशय. बीज आधींचें होतें, असें आम्हांस वाटतें. एकदम मांस न सोडण्याचें कारणही आईनांत आहे: राज्याचा भार शिरावर असल्यामुळें काळाच्या रीतीस थोडें धरून हळूहळू सोडावयाचें. दीर्घ सोफियाना संपला म्हणजे मांसाचें पहिलें ताट बादशहाची आई मरियम मकानी हमीदा बानू हिच्या महालांतून येई. त्यानंतर बेगमांचीं, शाहजाद्यांचीं व अमिरांचीं.