एक क्वेसार, दोन फोटो आणि मधली धूळ

समजा, एकाच मित्राचे दोन खिडक्यांमधून दोन फोटो काढले. एक काच स्वच्छ, दुसरी धुळकट. त्याच्या शर्टचा खरा रंग माहीत नसला, तरी दोन्ही फोटो शेजारी ठेवले की धुळीने काय केलं ते कळतं. खगोलशास्त्रज्ञ नेमकं हेच करतात.

अवकाशातली धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, लाल कमी. त्यामुळे मागची वस्तू मंद आणि तांबूस दिसते. (हे 'रेडशिफ्ट' नव्हे, त्यात विश्वाच्या प्रसरणामुळे सगळ्या तरंगलांबी ताणल्या जातात.) पण ती वस्तू मुळातच तांबूस असेल तर? इथेच गुरुत्वीय भिंग मदतीला येतं.

दूरच्या क्वेसारच्या वाटेत एखादी दीर्घिका आली, की तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वळतो आणि एकाच क्वेसारच्या दोन किंवा चार प्रतिमा दिसतात. अशी पहिली जोडी १९७९ मध्ये सापडली. दोन्ही प्रतिमांचा प्रकाश एकाच क्वेसारचा, पण दीर्घिकेतली वाट वेगळी. एक प्रतिमा जास्त तांबूस दिसली, तर तिच्या वाटेत धूळ जास्त!

अर्थात, हे वाटतं तितकं सोपं नाही. क्वेसारची चमक बदलत राहते आणि एका वाटेचा प्रकाश उशिरा पोहोचतो. १९७९ च्या जोडीत हा उशीर सुमारे १४ महिन्यांचा आहे. शिवाय दीर्घिकेतले सुटे तारेही प्रतिमेचा रंग बदलू शकतात. हे सगळं वेगळं काढावं लागतं.

तरीही हाती बरंच लागलंय. आपल्या आकाशगंगेतली धूळ २१७.५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश खास जास्त शोषते. २००२ मध्ये हीच खूण 'एसबीएस ०९०९+५३२' या जोडीच्या भिंग-दीर्घिकेत मिळाली. तिचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे ७०० कोटी वर्षं लागतात! पण सगळ्याच दीर्घिकांमधली धूळ अशी निघालेली नाही.

याने आपल्याला काय फरक पडतो? विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय, हे १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांच्या मंद प्रकाशावरून कळलं. पण धुळीनेही प्रकाश मंद होतो. तिचा वाटा चुकीचा धरला, तर अंतर चुकतं आणि अंतर चुकलं, तर विश्वाचं गणितही. म्हणून ही धूळ झटकून चालत नाही, मोजावीच लागते.