हिवाळ्यातला धबधबा आणि अर्धी मोकळी चौकट

“दगडांचे फोटो कोण विकत घेणार गं?” डिसेंबरातल्या रविवारी पहाटे साडेतीनला मी डबे भरत होते, तेव्हा सासूबाईंनी विचारलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पावसाळ्यात धबधब्याला जत्रा लोटते. हिवाळ्यात उरतात ते कातळ आणि वेणीच्या पेडांसारख्या चार धारा.

पण मैत्रिणींनो, असे फोटो विकले जातात. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक अशा कंपन्या आपले फोटो इंटरनेटवर मांडून ठेवतात. कॅलेंडर छापणारा किंवा जाहिरात करणारा पैसे भरून ते घेतो आणि त्यातला वाटा आपल्याला मिळतो. अडोबी फोटोमागे ३३ टक्के देते. शटरस्टॉकने जून २०२० पासून १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या केल्या. दर १ जानेवारीला मात्र पुन्हा तळाच्या पायरीवरून सुरुवात! एका विक्रीचे कधी दहा सेंटही पडतात. तेव्हा यावर घरखर्च चालेल, ही आशा नको.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून रविवारच काय तो हाती. आमच्या कागलहून निपाणी, संकेश्वर करत गोकाकचा धबधबा गाठता येतो. तिथे घटप्रभा नदी घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून सुमारे १७० फूट खाली पडते. पावसाळ्यात गढूळ पाण्याचा पडदा असतो. हिवाळ्यात पाणी ओसरलं की मागचे खडकाचे थर दिसतात, भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक.

पहिल्या खेपेला मी चुकले ती इथेच. एवढा मोठा धबधबा, म्हणून अख्खा चौकटीत कोंबला. धारा दोऱ्याएवढ्या दिसल्या, वर गिरणीची इमारत आली, क्षितिज कललं. फोटो परत आले. मग कळलं की हिवाळ्यात धबधबा सगळा घ्यायचा नसतो, निवडायचा असतो, मेथीच्या जुडीसारखा. एक किंवा दोन धारा घ्याव्यात आणि त्या मधोमध न ठेवता चौकटीच्या एका बाजूच्या तिसऱ्या हिश्शात ठेवाव्यात. पुढे एखादा ओला दगड किंवा सुकलेल्या गवताचा झुबका असला, की खोली कळते. दुसरी बाजू सावलीतल्या कातळाची मोकळी सोडावी. ती जागा वाया जात नाही. घेणारा तिथे आपला मजकूर छापतो. तोच देखावा एकदा आडवा आणि एकदा उभा घ्यावा, कारण मासिकाच्या मुखपृष्ठाला उभा लागतो.

बारीक धार भरलेली दिसावी, तर कॅमेऱ्याचं शटर अर्धा ते एक सेकंद उघडं ठेवावं. तेवढ्या वेळात पाणी पसरून रेशमासारखं उमटतं. त्यासाठी तिपाई हवीच. बटण दाबतानाही हात हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. आयएसओ शंभरवर ठेवावा. आणि ऊन पाण्यावर यायच्या आत काम उरकावं. नंतर पाणी पांढरंफेक होतं आणि दगड काळे ठिक्कर. ओल्या शेवाळावर मात्र कुठल्याही फोटोसाठी पाय ठेवू नका.

खासगी इमारत ओळखू येत असेल, तर मालकाची लेखी परवानगी मागतात. माणसांचंही तसंच. आणि इथेच माझी परीक्षा झाली.

त्या रविवारी पाण्याकाठी एक मावशी धुणं धूत होत्या. मागे धार, पुढे त्यांची हिरवी साडी, चेहऱ्यावर पहिलं ऊन. वर्षातला सर्वांत चांगला फोटो होता तो! संमतीचा छापील कागद पिशवीत होताच. मी पुढे झाले, समजावून सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि विचारलं, “बाई, ह्यो फोटू कुठं कुठं लावणार?”

मला सांगता येईना. साबणाच्या जाहिरातीत, सरकारी पत्रकावर, की एखाद्या दुखण्याच्या लेखाशेजारी? एकदा विकला की घेणारा कोण आणि कशासाठी, हे आपल्याला कळतही नाही. मावशींनी माझ्या शब्दाखातर अंगठा दिला असता. पण माझा स्वतःचा फोटो असता, तर मी सही केली असती का? कागद पिशवीतच राहिला. पुढच्या खेपेला त्या फोटोची प्रत मी त्यांच्या हातात दिली. “माझाच हाय व्हय?” म्हणून त्या लाजल्या. तो फोटो विकायला कधीच ठेवला नाही.

विकला गेला तो दुसराच: दोन धारा, एक ओला दगड, बाकी अर्धी चौकट रिकामी. ठिकाणाचं, राज्याचं नाव इंग्रजीत अचूक लिहिलं होतं. शोधणाऱ्याला तेच सापडतं. मिळाले अडतीस सेंट, म्हणजे तीसेक रुपये.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी हिशेब केला, “म्हणजे दगडानं अर्धा लिटर दूध दिलं म्हणायचं!” आणि पुढच्या रविवारी साडेतीनला उठून डबे त्यांनीच भरले.